एडनपर्यंत

"अंगावर ओळख पटेल अशी काही खूण?" पोपटरावांनी टाक दौतीत बुडवून विचारले.

विमलाबाई पाटावर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. सोललेला दाणा त्यांच्या बोटांत तसाच राहिला. "खूण कशाला? मी काय जत्रेत हरवणार आहे?"

"वहिनी, पासपोर्टाच्या कागदात सगळ्यांनाच विचारतात. मोठमोठ्या साहेबांना पण सोडत नाय."

"डाव्या मनगटावर गोंदलेली तुळस," खिडकीपाशी उभे असलेले गोपीनाथ चौबळ म्हणाले. "आणि उजव्या कानामागे तीळ आहे. तोही लिहा."

विमलाबाईंनी मान खाली घातली. लग्नाला चौतीस वर्षे झाली होती. पण कानामागचा तीळ सरकारी कागदावर जावा, हे काही त्यांना बरे वाटले नाही.

एकावन्न सालचा जानेवारी चालला होता. कल्याणात पारनाक्याजवळ एका घराच्या माडीवर चौबळांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. त्यांची एकुलती एक मुलगी सुहासिनी लग्न होऊन नैरोबीला गेली, त्याला चार वर्षे झाली होती. जावई तिथल्या रेल्वेत नोकरीला होते. दोन वेळा सुहासिनीची आशा लागली आणि दोन्ही वेळा मोडली. आता तिसरी खेप होती. जूनअखेरचे दिवस होते, आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केली होती. जावयांनी लिहिले होते, 'दोघेही या. वर्षभर राहा. तिकिटांचे आणि विम्याचे मी इथून पाहतो.'

बोटीने जायला दहा-बारा दिवस लागत. पण विमलाबाई एकदा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांची जी अवस्था झाली ती आठवून बोटीचा विषय त्या दिवशीच मिटला. राहिले विमान. विमानाचे सगळे बघायला ठाण्याच्या जांभळी नाक्यावरचे पोपटराव आले. ते मूळचे विमा एजंट. मुंबईच्या कोट भागातल्या एका प्रवासी कंपनीची तिकिटेही ते अलीकडे विकू लागले होते, आणि 'विमान' व 'विमा' हे दोन शब्द सख्खे भाऊ असल्यासारखे एका दमात उच्चारत.

"तुम्ही बसलात का हो कधी विमानात?" विमलाबाईंनी विचारले.

"मी सांताक्रूझपर्यंत गेलेलो. आत नाय गेलेलो," पोपटराव प्रामाणिकपणे म्हणाले. "पण लोक सांगतात, घरातल्या आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं."

"मग घरातल्या खुर्चीतच बसू की."

गोपीनाथ हसले. पोपटरावांना काय कळणार, हा माणूस विमानात केव्हाच जाऊन बसला होता.

गोपीनाथांनी तेहतीस वर्षे मुंबईच्या मोठ्या पोस्टात परदेशी टपालाची निवड केली होती. समोर लाकडी खणांची भिंत आणि प्रत्येक खणावर एका गावाचे नाव. एडन, मोंबासा, झांजिबार, दारेसलाम, मार्सेल्स, लंडन. पाकीट हातात आले की पत्ता वाचायचा आणि योग्य खणात सोडायचे. एवढेच काम. पण गोपीनाथांचा हात पाकीट सोडताना किंचित रेंगाळे. ते पाकीट आता बोटीत चढेल, बारा दिवस पाण्यावर डुलेल, कुठल्याशा धक्क्यावर उतरेल, तिथल्या उन्हात एखादा पोस्टमन ते घेऊन टेकडी चढेल. मोंबासाची टेकडी त्यांनी स्वतःच तयार केली होती. तिच्यावर नारळाची झाडे लावली होती, पांढऱ्या भिंतींची घरे बांधली होती, आणि एका घराच्या पायरीवर एक म्हातारी पत्राची वाट पाहत बसवली होती. हेडसाहेब ओरडले की ते परत येत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मुंबई, कल्याण आणि सासुरवाडीचे अलिबाग याखेरीज चौथे गाव मुक्कामाला पाहिलेले नव्हते.

तिकिटांची बोलणी सुरू झाली आणि त्यांनी शाळेच्या मास्तरांकडून नकाशाचे मोठे पुस्तक मागून आणले. दिवेलागणीला ते माडीवरच्या गॅलरीत पुस्तक उघडून बसत. खाली रस्त्यावरून टांगे जात, पलीकडे खाडीवर दुर्गाडीची टेकडी काळी होत जाई, आणि गोपीनाथ शिसपेन्सिलीने समुद्र ओलांडत.

"हे बघ. सकाळी नऊला निघायचं. अर्ध्या तासात किनारा संपला. मग नुसतं पाणी. वरून ते पाण्यासारखं दिसतच नाही म्हणतात, निळं रेशीम पसरल्यासारखं दिसतं. दुपार टळल्यावर अरबस्तानचा किनारा. लाल डोंगर. झाड म्हणून नाही. मग एडन. तिथे विमान खाली उतरतं, तेलपाणी घेतं."

"आणि आपण?"

"आपणही उतरायचं. पाय मोकळे करायचे. चहा घ्यायचा."

"अरबस्तानात चहा मिळतो?"

"उत्तम मिळत असणार."

विमलाबाई ऐकत. त्यांना लाल डोंगर दिसत नसत. त्यांना दिसे ती सुहासिनी, परक्या मुलखातल्या खाटेवर छताकडे पाहत पडलेली. आणि ह्या एवढ्या पाण्यावरून आपण जाणार, तेही हवेतून, असे मनात येई. मग त्या नवऱ्याकडे पाहत. शिसपेन्सील कानावर खोचून ते पुढचे पान उलटत असत. हे बरोबर आहेत ना, मग झाले, असे म्हणून त्या उठत आणि जेवणाच्या पानांची तयारी करत.

मार्चमध्ये पासपोर्ट आले. देवीच्या आणि पिवळ्या तापाच्या लशी टोचून झाल्या. विमलाबाईंचा दंड दोन दिवस सुजला, आणि आफ्रिका जर सुईतूनच एवढी दुखते तर प्रत्यक्षात किती दुखेल, असे त्या म्हणाल्या. उरला वर्षभराचा विमा. अपघात झाला, तिकडे आजारपण निघाले, अर्ध्यातून परत यावे लागले, या सगळ्यासाठी. जावयांचा त्यावर फार कटाक्ष होता. साध्या अपघाताच्या विम्याला कोणी तपासत नसे. पण आजारपणाचा विमा आणि त्यातून पन्नाशीच्या पुढची माणसे, तेव्हा कंपनीने ठाण्याच्या आपल्या डॉक्टरांकडे दोघांना बोलावले.

दवाखाना मासुंद्याच्या तळ्यासमोर होता. विमलाबाई आत जाऊन पंधरा मिनिटांत बाहेर आल्या. डॉक्टर दारापर्यंत येऊन म्हणाले, "बाईंची प्रकृती तिशीतल्या बाईला लाजवील." त्या लाजल्या आणि बाकावर बसून तळ्यातली बदके पाहू लागल्या.

गोपीनाथ आत गेले. डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. दंडाला पट्टा बांधून पारा वर चढवला. मग त्यांना खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा वेळा चालायला लावले आणि पुन्हा नळी लावली. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटे झाली, पंचवीस झाली.

"जिना चढताना धाप लागते?"

"थोडी. वय झालं."

"सत्तावन्न म्हणजे वय नव्हे, चौबळ." डॉक्टरांनी नळी टेबलावर ठेवली. "तुमचं हृदय वाढलंय. रक्ताचा दाबही फार आहे. कंपनीला मला हेच लिहावं लागेल. आणि कंपनीचं सोडा. विमानात तुम्ही बसू नये असं माझं मत आहे. वर काही झालं तर कोण काय करणार?"

गोपीनाथांनी सदऱ्याची बटणे लावली. एक बटण चुकले, ते सोडवून पुन्हा लावले. "आणि बोट?"

"बोटीवरही तेच. घरी राहा, औषध घ्या, मीठ कमी करा. जपलंत तर काही वर्षं आरामात जातील."

"डॉक्टर, बाहेर माझी बायको बसलीय. तिला हे सांगू नका."

"का?"

"ती जाणार नाही. आणि तिकडे मुलीला तिची गरज आहे."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिले, चिठ्ठी लिहिली आणि घडी करून हातात दिली.

बाहेर विमलाबाई उठून उभ्या राहिल्या. "एवढा वेळ?"

"डॉक्टरांचा भाचा पोस्टात होता. गप्पा निघाल्या."

"मग? प्रकृती?"

"झकास," गोपीनाथ म्हणाले, आणि बदकांकडे पाहू लागले.

पुढचे चार दिवस त्यांनी नकाशाचे पुस्तक उघडले नाही. पाचव्या दिवशी ते एकटेच ठाण्याला गेले आणि पोपटरावांच्या समोर बसले. कंपनीचे पत्र आधीच आले होते.  पोपटरावांनी चहा मागवला.

"तुम्ही एक करायचं," गोपीनाथ म्हणाले. "माझं तिकीट रद्द करा. आणि घरी येऊन सांगा की मला पेन्शनीमुळे अडचण आलीय. सहा-सहा महिन्यांनी हयातीचा दाखला द्यावा लागतो, वर्षभर देशाबाहेर राहायला सरकारची खास परवानगी लागते, ती यायला वेळ आहे. ती आली की मी मागून बोटीने जाईन."

"चौबळसाहेब, वहिनींशी खोटं बोलायचं म्हणजे…"

"तुम्ही फक्त मान हलवा. बोलतो मी."

पोपटराव रविवारी आले आणि मान हलवत बसले. गोपीनाथांनी परवानगीचा तो सगळा प्रकार इतका तपशीलवार सांगितला, की सांगता सांगता त्यांचा स्वतःचाच त्यावर थोडा विश्वास बसला. विमलाबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"मग मीही थांबते. परवानगी आली की बरोबर जाऊ."

"आणि सुहासचे दिवस थांबतील?"

विमलाबाई उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. घासलेलीच भांडी त्या पुन्हा घासत होत्या. मग पदराला हात पुसत त्या दारात आल्या. "गोदूबाईंना बोलवा डोंबिवलीहून. तुमचं जेवणखाण कोण बघणार?" गोदूबाई म्हणजे गोपीनाथांची थोरली विधवा बहीण. गोपीनाथांनी हो म्हटले, आणि जाणे ठरले.

विम्याचा कागद विमलाबाईंच्या एकटीच्या नावाने पुन्हा भरायचा होता. पोपटराव एकेक प्रश्न वाचत गेले. वारस कोण, इथे आले तेव्हा विमलाबाईंनी नवऱ्याकडे बोट केले. "हे आहेत की."

"आणि… साहेबांच्या पश्चात?"

प्रश्न छापीलच होता. सगळ्यांना विचारायचा होता. पण पोपटरावांचा आवाज मध्येच बारीक झाला आणि टाकाच्या टोकावरचा शाईचा थेंब कागदावर पडला.

"लिहा, सुहासिनी," गोपीनाथ म्हणाले. "स्पेलिंग मी सांगतो." आणि एकेक अक्षर त्यांनी सावकाश सांगितले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आदल्या दिवशी पार्ल्याला एका आप्तांकडे उतरून, ती दोघे आणि पोपटराव सकाळीच सांताक्रूझच्या विमानतळावर गेले. विमलाबाई नऊवारी लुगड्यावर गोपीनाथांचा लोकरीचा गळपट्टा गुंडाळून आल्या होत्या. वर थंडी असते असे त्यांना सांगितले होते. हातातल्या पिशवीत सुक्या कोळंबीचे सोडे होते, कडवे वाल होते, बाळंतिणीसाठी डिंक आणि अळीव होते. सामान तपासणाऱ्या साहेबाने सोड्यांचा वास घेतला आणि पुन्हा काही उघडले नाही.

"खिडकीपाशी बस," गोपीनाथ सांगत होते. "डावीकडची मागून घे. एडन डावीकडून दिसेल, माझा अंदाज आहे. आणि कानात कापूस घाल. आणि ती बाई गोळी देईल ती चघळ."

"तुम्ही सकाळचं दूध घेत जा."

"घेईन."

"गोदूबाईंना कमी ऐकू येतं. खालून हाक मारत बसू नका, वर येऊन सांगा."

"बरं."

"परवानगी आली की लगेच तार करा."

गोपीनाथांनी मान हलवली. पोपटराव दुसरीकडे पाहत होते.

कठड्यापलीकडे विमान उभे होते. पांढरे, लांब, उन्हात एवढे चकाकणारे, की गोपीनाथांना त्याच्याकडे नीट पाहवेना. त्यांनी मनात पाहिलेले विमान याहून लहान होते. माणसांची ओळ त्याच्या दिशेने निघाली. त्या ओळीत कोट-टोप्यांच्या मध्ये एक हिरवे लुगडे चालत होते, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात निऱ्या. शिडीच्या वरच्या पायरीवर विमलाबाई थांबल्या. वळून पाहिले. एवढ्या लांबून त्यांना कोण दिसले असेल कोण जाणे. मागच्या माणसाला त्यांनी वाट अडवल्याचे लक्षात आले आणि त्या आत गेल्या.

विमान वर चढून लहान होत होत ठिपका झाले, ठिपका गेला, तरी गोपीनाथ वर पाहत होते. "अर्ध्या तासात किनारा संपेल," ते म्हणाले. पोपटरावांनी त्यांचा दंड धरला. "चला साहेब, सावलीत चला."

मग कल्याणचे दिवस फार लांब झाले. गोदूबाई स्वयंपाक करत, पोथी वाचत आणि झोपत. गोपीनाथ गॅलरीत बसून असत. मे महिन्याच्या एका सकाळी भिवा भाजी घेऊन आला. तो नेवाळीकडचा शेतकरी, वयाने गोपीनाथांच्याच जवळपास. वर्षानुवर्षे त्याची वांगी आणि गवार चौबळांकडे येत. जिन्याच्या तोंडाशी टोपली ठेवून त्याने वर पाहिले.

"मास्तर, वैनी गेल्या ना ईमानान? मंग तुमी असं कनाला बसलाव? चला माझे गारीतशी. आमचेकं पन ईमानांची जागा हाय, दावतो."

गोपीनाथ पोस्टात होते, म्हणून भिवा त्यांना मास्तर म्हणे. ते त्याच्या बैलगाडीत बसून गेले. कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, नेवाळीच्या माळावर लढाईच्या वेळी सरकारने विमाने उतरवण्यासाठी धावपट्टी बांधली होती. लढाई संपली, विमाने गेली, पट्टी राहिली. गाडी थांबली तेव्हा गोपीनाथांना समोर दिसला तो करड्या रंगाचा एक सरळ, रुंद रस्ता. कुठूनच आलेला नव्हता आणि कुठेच जात नव्हता. फटींतून गवत उगवले होते. मध्यावर चार म्हशी बसल्या होत्या. पलीकडे मलंगगड धुरकट निळा होता, आणि उन्हाच्या झळांत पट्टीचे ते टोक पाण्यासारखे हलत होते.

दोघे पट्टीवरून चालू लागले. गोपीनाथ सावकाश चालत होते. वारा समोरून येत होता. काही वेळाने त्यांना वाटले, की आपले पाय जमिनीला लागत नाहीत; हा वारा आणखी थोडा वाढला, की ती निळी टेकडी खाली जाईल, म्हशी लहान होतील, खाडीची रेघ दिसेल, मग किनारा.

"हितं थांबा," भिवा म्हणाला. त्याने काठीने जमिनीवर एक चौकोन दाखवला. "हितशी त्या बाभलीपावत माझा शेत व्हता. भाताचा. आता सिमिट हाय वर."

गोपीनाथ भानावर आले. "परत नाही मिळाली?"

"नाय. कागूद चाललाय." भिवा खाली उकिडवा बसला आणि त्या सिमेंटवर त्याने तळहात ठेवला. "मी येतो कवा कवा. बसतो. जमीन आपली नाय, पन बसाला कोन नाय बोलत नाय."

गोपीनाथही त्याच्या शेजारी बसले. जमीन ऊन होती. 

"भिवा, मला परवानगी येणार नाहीये," ते म्हणाले. "सरकारची नव्हेच ती. डॉक्टर जाऊ देत नाहीत. छातीत दोष आहे. घरी कोणाला सांगितलेलं नाही."

भिवाने त्यांच्याकडे पाहिले. कीव केली नाही, धीरही दिला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मंग जाताना गारी हितंच आनतो, पट्टीवं. तुमी चालू नका."

आणि बैलगाडी त्या धावपट्टीवरून टोकापर्यंत खडखडत गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मागून पत्र आले. पोर दिवस भरायच्या आत आली होती, मुठीएवढी होती, विमलाबाई तिला कापसात ठेवून चमच्याने दूध पाजत होत्या. नाव हेमा ठेवले. सुहासिनीने आईच्या वतीने शेवटी लिहिले होते, 'आई विचारते, परवानगीचे काय झाले?'

गोपीनाथांनी उत्तर लिहिले. अर्ज ठाण्याहून पुण्याला गेला आहे. पुढच्या पत्रात तोच प्रश्न आला. त्यांनी लिहिले, पुण्यात तो एका हेडक्लार्काच्या टेबलावर आहे आणि हेडक्लार्काची दाढ दुखते आहे. पुढच्या महिन्यात दाढ काढली, पण हेडक्लार्क रजेवर गेला. मग अर्ज दिल्लीला निघाला, वाटेत भुसावळला चुकीच्या थैलीत पडला आणि नागपूरला जाऊन आला. गोपीनाथांना लिहिताना मौज वाटू लागली. जन्मभर दुसऱ्यांची पत्रे योग्य खणांत टाकली होती. आता स्वतःचे एक पाकीट ते देशभर हिंडवत होते. प्रत्येक पत्रात तिकडून प्रश्न येत होता, आणि प्रत्येक उत्तरात अर्ज एकेक मुक्काम पुढे जात होता.

बावन्न सालच्या एप्रिलमध्ये विमलाबाई परत आल्या. त्यांना आणायला गोपीनाथ पोपटरावांबरोबर सांताक्रूझला गेले. त्या जरा काळवंडल्या होत्या, अंगाने भरल्या होत्या, आणि हमालाला त्यांनी हात करून ज्या तऱ्हेने बोलावले ते पाहून पोपटराव दोन पावले मागे सरले. गोपीनाथांकडे त्यांनी एकदाच नीट पाहिले. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. 

कल्याणला घराच्या जिन्याशी त्या म्हणाल्या, "मी पुढे होत नाही. तुम्ही चढा, मी मागून येते." गोपीनाथ पाचव्या पायरीवर थांबले. त्याही थांबल्या. ते दहाव्या पायरीवर थांबले. त्या तिथेही थांबल्या, आणि आपल्यालाच विसावा हवा होता अशा रीतीने त्यांनी पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी चारच्या चहानंतर दोघे गॅलरीत बसले. गोदूबाई आत घोरत होत्या. विमलाबाईंनी हेमाचा फोटो दाखवला, तिचे सगळे सांगून झाले, नैरोबीतल्या थंड सकाळी सांगून झाल्या. मग त्या थांबल्या.

"तुमचा अर्ज कुठवर आला?"

"दिल्लीत आहे. मला वाटतं आता…"

"विम्याचे पैसे जावयांनी भरले होते," विमलाबाई म्हणाल्या. "म्हणून कंपनीचे कागद त्यांच्याकडे आले. माझा मंजूर, तुमचा नामंजूर, आणि का ते. जुलैत आले. त्यांनी मला वाचून दाखवले."

खालून एक टांगा गेला. त्याच्या घुंगरांचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू येत राहिला.

"जुलैत," गोपीनाथ म्हणाले.

"त्याच दिवशी निघणार होते. पण पोर हातात होती. मुठीएवढी. तिला खाली ठेवलं असतं तर ती राहिली नसती." त्यांनी पदराने गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "म्हणून राहिले."

"बरं केलंस."

"रोज सकाळी उठून वाटायचं, आज तार येते की काय."

गोपीनाथ त्यांच्या हाताकडे पाहत होते. काही वेळाने त्यांनी विचारले, "माहीत होतं, तर मग पत्रात दर वेळी परवानगीचं का विचारायचीस?"

"विचारलं नसतं तर तुम्ही पुढचं लिहिलं नसतं. तो दाढदुखीवाला हेडक्लार्क वाचताना सुहास वर्षात पहिल्यांदा मोठ्याने हसली. आणि लिहिताय, म्हणजे आहात, एवढं मला कळत होतं."

खाडीवरचे ऊन मऊ झाले होते. गोपीनाथांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. वर्षभर मनात धरलेला प्रश्न त्यांनी जपून काढला.

"वरून कसं दिसतं गं?"

विमलाबाई ओशाळल्या. "मी डोळे मिटून होते."

"जाताना?"

"जाताना, येताना. एकदाच उघडले. खाली सगळं निळं होतं. भीती नाही वाटली. पण शेजारच्या खुर्चीत एक दाढीवाला म्हातारा घोरत होता. म्हटलं, एकटीने काय बघायचं. मिटून घेतले."

"आणि एडन?"

"तिथे उतरले. बाकावर बसले. चहा नाही घेतला. काही बघितलं नाही."

गोपीनाथांनी मान वळवली. ते रागावले असे विमलाबाईंना वाटले. पण त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. ते दुर्गाडीच्या टेकडीपलीकडे कुठेतरी पाहत होते.

"मग ऐक," ते म्हणाले. "तू गेलीस त्या वाटेवर काय काय होतं ते सांगतो."

विमलाबाईंनी पाय वर घेतले, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

गोपीनाथ सांगू लागले. विमान उठले तेव्हा डावीकडे मुंबईची बेटे दिसली, हातावरच्या रेघांसारखे रस्ते, मिठागरांचे पांढरे चौकोन. मग गलबते, शिडे एवढीएवढीशी, पाण्यावर कोणी लाह्या टाकल्यासारखी. मग नुसते निळे, आणि त्या निळ्यावर विमानाची सावली, एकटीच, बरोबर येणारी. ढग खालून जात होते. ढगांच्या पाठीवर ऊन होते. दुपार कलली, तसा समोर एक तांबूस पट्टा उगवला. तो जवळ आला आणि त्याचे डोंगर झाले, उघडे, जळके, सुरकुतलेले. त्या डोंगरांच्या कुशीत पाणी होते आणि पाण्यात बोटी उभ्या होत्या…

"मग?" मिटल्या डोळ्यांनी विमलाबाईंनी विचारले.

"मग विमान वळलं. एक पंख खाली, एक वर. आणि खाली ते गाव दिसलं. पांढरी घरं… पांढरी…" गोपीनाथ थांबले. श्वास अपुरा पडला होता. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि पुढचे बोलायला तोंड उघडले.

विमलाबाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"दमानं," त्या म्हणाल्या. "आज एडनपर्यंतच जाऊ. पुढचं उद्या."